लिव्हरमधलं गळू आणि ‘नो ग्रोथ’ रिपोर्ट

बाबांच्या लिव्हरमध्ये सोनोग्राफीत मोठं गळू दिसलं, ताप उतरत नाही, आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘नो ग्रोथ’, म्हणजे काही उगवलं नाही, असं आलं. म्हणजे जंतू नाहीतच का, असं तुम्ही विचारलंय. तसा अर्थ मुळीच काढू नका. इंदूरमध्येच मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेलीत, आणि या दोन शब्दांवर निश्चिंत झालेले नातेवाईक मी खूप पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

जंतूंमुळे झालेलं गळू असूनही जवळपास निम्म्या पेशंटांच्या रक्तात जंतू सापडत नाहीत. त्यातून बाबांना घराजवळच्या डॉक्टरांनी आधीच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, म्हणजे जंतू सापडण्याची शक्यता आणखी घटली. रक्त पहिल्या डोसच्या आधी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, दर बाटलीत ८ ते १० मिली घ्यायचं असतं. एकाच बाटलीत जेमतेम २ मिली घातलं असेल, तर त्या रिपोर्टला फारसं वजन देऊ नका.

खरं उत्तर पुवात असतं. सोनोग्राफीत बघून सुईने पू काढतील (त्याआधी रक्त नीट गोठतं का हे कळायला प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर बघतात, आणि ती हायडॅटिड सिस्ट, म्हणजे कृमीमुळे झालेली पाण्याची गाठ, नाही याची खात्री करतात), तेव्हा डॉक्टरांना विचारा की अ‍ॅनएरोबिक कल्चरही (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी, त्यांनाच अ‍ॅनएरोब म्हणतात) पाठवताय ना. पू स्वॅबवर (कापूस लावलेल्या काडीवर) पुसून देऊ नये, भरपूर द्यावा. फॉर्मालिनच्या डबीत तर अजिबात नको. त्यात जंतू मरतात, मग उगवणार काय? फ्रिजमध्येही ठेवू नका. सँपल बाहेरच्या लॅबला तुम्हालाच न्यायचं असेल, तर मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत टाकून राजवाड्याच्या गर्दीतून दोन कामं उरकत जाऊ नका. थेट लॅब गाठा.

ग्रॅम स्टेनचा (पू स्लाइडवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात त्याचा) रिपोर्ट त्याच दिवशी मागा. गुलाबी काड्या दिसल्या तर बहुधा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे बॅक्टेरिया. स्लाइडवर जंतू दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच येत नाही, असं झालं तर अ‍ॅनएरोब किंवा आधी दिलेलं अँटिबायोटिक, या दोन गोष्टी मनात आणाव्यात. पुवाला घाण वास असेल तर अ‍ॅनएरोबचा संशय बळावतो. क्लेबसिएलाच्या काही जातींची वाढ लूपने (तारेच्या छोट्या कडीने) उचलली की चिकट तार निघते, ५ मिमीपेक्षा लांब. हा जंतू त्रासदायक असतो.

पू चॉकलेटी असेल आणि त्यात बॅक्टेरिया नसतील, तर बहुधा अमीबा, म्हणजे एकपेशीय परजीवी. आपल्याकडे तो बराच आढळतो. पण अमीबा गळवाच्या कडेला राहतो, म्हणून पुवात क्वचितच दिसतो, आणि बऱ्याचदा शौचाच्या तपासणीतही सापडत नाही. त्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडीची एलायझा ही तपासणी करतात. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि जुन्या संसर्गामुळे पॉझिटिव्हही राहू शकते. सोय असेल तर पुवाचं पीसीआर (अमीबाचा डीएनए शोधणारी तपासणी) जास्त भरवशाचं.

बिलिरुबिन नॉर्मल आहे म्हणून लिव्हर ठीक, असं समजू नका. अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हरची एक रक्ततपासणी), सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणारी) आणि पांढऱ्या पेशी बघा. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) नक्की करा. डायबिटीस कित्येकदा याच आजारात पहिल्यांदा कळतो. आणि क्लेबसिएला निघाला, त्यात बाबांना धूसर दिसू लागलं किंवा डोळा दुखला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हा जंतू रक्तातून डोळ्यात जातो, आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.