कोथरूड सोडून वाघोलीला राहायला जावे का?

पुण्यात कोथरूडचे घर सोडून वाघोलीला मोठे घर घ्यावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी पाण्यापासून सुरू करेन. वाघोली 2021 साली महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एक आहे. परंतु हद्द वाढली म्हणून नळाला लगेच पाणी येत नाही, आणि तिकडच्या अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. त्यामुळे सोसायटीच्या फाटकावरची टँकरची नोंदवही आवर्जून पाहावी: एप्रिल-मे महिन्यांत रोज किती टँकर आत आले हे तिथे कळते, आणि त्यांचा खर्च मेंटेनन्समध्ये धरतात की वेगळा घेतात, हे सचिवांना विचारता येते. आम्ही तिकडे राहायला गेलो तेव्हा हे विचारले नव्हते. पहिल्याच उन्हाळ्यात सकाळी साडेसातला नळ कोरडा पडू लागला आणि आजारी सासूबाईंच्या अंघोळीसाठी रात्रीच बादल्या भरून ठेवाव्या लागल्या.

प्रवासाचा अंदाज रविवारी घेऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी नऊला नगर रस्त्याने स्वतः जाऊन पाहावे, कारण 2024 मध्ये रामवाडीपर्यंत आलेल्या मेट्रोपर्यंत पोहोचण्यातच बराच वेळ जातो. शाळा, दवाखाना बहुधा जवळ मिळतील. शक्य असेल तर कोथरूडचे घर विकण्याआधी 11 महिन्यांचा भाडेकरार करून वाघोलीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढावा.