'आमची कंपनी म्हणजे एक फॅमिली' या संस्कृतीमुळे कामगार खरंच मन लावून काम करतात का? धंद्यातल्या नीतीवर त्याचा काय परिणाम होतो?

करतात की, पण मालकासाठी नाही, ज्याने चिकटवलं त्याच्यासाठी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या मशीन शॉपमध्ये जाहिरात वगैरे कोण देतंय, पाहुण्यांच्या शब्दावर माणूस लागतो. मला भावोजींनी लावलं. मी लेट गेलो की सुपरवायझर मला काहीच बोलायचा नाही, भावोजींना सांगायचा, आणि रविवारी ताईकडं जेवताना तो विषय ताटात यायचा. एवढा कडक एचआर मल्टिनॅशनलमध्येही नसेल.

आता नीतीचं. आमच्यात नाना म्हणून टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, होते, 22 वर्षं सर्व्हिस. खंडेनवमीला लेथपुढं पहिला नारळ त्यांच्याच हातून, मालक त्यांना वाकून नमस्कार करायचे, त्यांच्या लेकीच्या लग्नात बिनव्याजी उचल दिली, वर स्वतः पंगतीत वाढायला उभे राहिले. नाटक नव्हतं ते, खरी माया होती. पण रिटायर झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि 51 हजारांचं पाकीट, बस्स. मी त्याच पाकिटावर त्यांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळायची हक्काची रक्कम, पेनने मांडून दाखवली: महिन्याचा बेसिक-डीए 13,000, भागिले कामाचे 26 दिवस, गुणिले दर वर्षाचे 15 दिवस, गुणिले 22 वर्षं, झाले 1 लाख 65 हजार. तेव्हा 1972चा ग्रॅच्युइटी कायदा होता, त्यात शाल-नारळ धरत नाहीत. तर नानाच म्हणाले, घरच्या माणसाकडं हिशोब मागायचा व्हय रे? आणि मालक म्हणाले, लग्नाला पैसे दिले तेव्हा मी कागद केला होता का? (ती उचल पगारातून कापून कधीच वसूल झाली होती, पण ते कोण बोलणार.) शेवटी नानांच्या सुनेने रेटा लावला, मी फॉर्म भरून दिला, कामगार आयुक्तांच्या ऑफिसची नोटीस गेली आणि फरकाचा चेक आला. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यात कोणी हात घालेना, आणि सगळ्यात जास्त तापले भावोजी. खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणे. पैसे नानांचे, अडवले मालकांनी, आणि मान खाली गेली भावोजींची!

उलट्या बाजूनेही तेच. बोअर ओव्हरसाइज गेला, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं पडलं, तर कुणाच्या मशीनवर गेला हे कोणी सांगत नाही, एकमेकांना सांभाळून घेतात, आणि तो पीस गुपचूप चांगल्या लॉटमध्ये जातो. कस्टमर काय घरचा नाही ना.

एमबीएवाले देशोदेशीच्या संस्कृतीला मार्क देणाऱ्या हॉफस्टेडचा जुना स्कोर सांगतात, व्यक्तिवादात भारत 48, जपान 46, म्हणजे दोघंही समूहाकडं झुकलेले. त्यात समूह म्हणजे कंपनी, गाव, जात की पाहुणे, हे कुठं कळतं?

सगळेच मालक असे नसतात हेही खरं. टाटा स्टीलने 1912लाच आठ तासांची ड्यूटी केली, 1920ला पीएफ सुरू केला, सरकारचा पीएफ कायदा आला 1952ला. तिथंही आपलेपणा होताच, पण नियम लिहून आणि सगळ्यांना सारखा. तरी 1920 आणि 1928ला तिथं संप झालेच, म्हणजे ते काय रामराज्य नव्हतं.

तुम्ही जॉइन होणार असाल तर फॅमिली शब्द ऐकला की पगाराची फोड लेखी मागा, ओव्हरटाइमचा रेट विचारा. भावोजी अजून तिथंच आहेत आणि ओव्हरटाइम सिंगल रेटनेच घेतात. डबल मागा म्हटलं की उत्तर ठरलेलं, मालक दिवाळीला बघतील. बघू देत.