चेरीचा मोसम चुकला तर जपानमधली जुनी फुलबाग कधी पाहावी?

प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांना घेऊन जपानला यायचंय, मार्च-एप्रिलची तिकिटं आणि हॉटेलं आवाक्याबाहेर गेलीत, तर फुलं बघायला दुसऱ्या कुठल्या महिन्यात यावं आणि खरीखुरी जुनी फुलबाग म्हणून कोणती पाहावी?

मी टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा भागात राहतो. निशिकासाईच्या आसपास मराठी घरं बरीच, त्यामुळे पाहुण्यांची ये-जा बारमाही आणि हा प्रश्नही बारमाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. बाग टोकियोतलीच, मुकोजिमा ह्याक्काएन, महिना सप्टेंबर, त्यातही दुसरा पंधरवडा.

आधी सावध करतो. जपानी बाग म्हटलं की कानाझावाच्या केनरोकुएनसारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं: मोठं तळं, दगडी दिवे, कातरून-बांधून घडवलेले पाइन. त्या सरदार घराण्यांच्या बागा. ह्याक्काएन एका दुकानदाराची आहे. जेमतेम पावणेतीन एकर, पायवाटा अरुंद, आणि दोन्ही बाजूंना जे वाढलेलं दिसतं त्याला आपल्याकडे कुणीही रान म्हणेल. पाहुण्यांपैकी एक तरी आत शिरल्यावर विचारतोच, "बाग सुरू कुठून होते?"

दुकानदाराचं नाव साहारा किकूउ. मूळचा सेंदाईकडचा. एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, येऊन आधी नाटकगृहाच्या चहाघरात राबला, मग जुन्या वस्तूंचं दुकान थाटलं. त्या धंद्यात कवी, चित्रकार, पंडित यांच्याशी दोस्ती जमली. १८०४ च्या सुमारास त्याने एका सरदाराच्या पडक्या वाड्याची जागा घेतली आणि मित्रांकडून वर्गणीदाखल झाडं मागितली. ३६० उमे आले. उमे म्हणजे जर्दाळूच्या जवळचं झाड, इंग्रजीत त्याला प्लम म्हणून टाकतात. मग प्राचीन जपानी आणि चिनी कवितांमध्ये ज्यांचा उल्लेख आहे अशा रानफुलांची लागवड झाली. ह्याक्काएन म्हणजे शंभर फुलांची बाग. हे नाव चित्रकार साकाइ होइत्सूने सुचवलं असं सांगतात. दाराच्या दोन्ही बाजूंना कवी ओकुबो शिबुत्सूच्या ओळी आहेत. अर्थ साधारण असा: वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत, फुलांना खंड नाही, पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, पाहुण्यांची रीघ. दुकानदाराच्या दारावर शोभेल अशी जाहिरात!

१९१० च्या महापुरात बागेची धूळधाण झाली. ओगुरा त्सुनेकिची नावाच्या तेल व्यापाऱ्याने ती विकत घेऊन सावरली, १९३८ साली त्याच्या घरच्यांनी ती टोकियो शहराला देऊन टाकली, आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात सगळी जळून खाक झाली. १९४९ ला पुन्हा उघडली. त्यामुळे "दोनशे वर्षांचं झाड कुठलं?" असं तिथं विचारू नका. कविता कोरलेल्या २९ शिळा मात्र आहेत, त्यातल्या काहींवर कवी बाशोचे हायकू, म्हणजे तीन ओळींच्या छोट्या कविता, आहेत. बाकी इथं जुनं काय राहिलंय, तर वेळापत्रक. कुठल्या महिन्यात कशाकडे बघायचं हे एदोकाळात ठरलं, आणि माळी मंडळी आजही त्यालाच धरून चालतात. म्हणून या बागेला "कधी जावं" हा प्रश्न बरोबर लागू पडतो.

सप्टेंबर का, तर हागीचा बोगदा. (घरातल्या लहान मुलांसमोर हे नाव मोठ्यानं घेऊ नका, हसून लोळतील.) हागी हे तूर-चवळीच्या कुळातलं झुडूप. बांबूच्या कमानींचा सुमारे ३० मीटर लांब सांगाडा उभारलेला असतो, दोन्ही बाजूंच्या झुडपांच्या फांद्या वर नेऊन त्यावर वळवलेल्या असतात. फूल जवळून बघा: वाटाण्याच्या फुलाचीच घडण, पण जेमतेम सेंटीमीटरभर आणि जांभळट गुलाबी. एकेका फांदीवर अशी अगणित. आत चालताना ओल्या फांद्या खांद्याला घासतात, पायाखाली पाकळ्यांचा सडा. हिवाळ्यात ही झुडपं बुडापासून छाटतात. वसंतात नवे कोंब फुटतात आणि सहा महिन्यांत पुन्हा छप्पर तयार. फेब्रुवारीत गेलात तर नुसते बांबू दिसतील.

आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या कवितासंग्रहात यामानोउए नो ओकुराने शरदाची सात फुलं मोजून ठेवली आहेत: हागी, सुसुकी, कुझू, नादेशिको, ओमिनाएशी, फुजिबाकामा आणि सातवं, ज्यावर पंडितांची भांडणं झाली आणि आता किक्यो मानतात ते. सातही इथं भेटतात. यातलं एकही भपकेदार नाही, सुसुकी तर चक्क गवत आहे. कुझू म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या घोडवेलीची भावकी. तिच्या मांडवाखाली उभं राहून पानं थोडी बाजूला केली तरच फुलं दिसतात, पण त्याआधी द्राक्षांसारखा वास नाकात शिरतो. किक्योची कळी पाच कडांची, फुगीर, बंद. उमलायच्या आदल्या दिवशी ती सगळ्यात देखणी असते असं माझं मत. मागं मान वर केली की ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा डोकावतो. काहींना तो खुपतो. मला नाही खुपत.

याच सुमारास चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी असतात. एरवी पाचला बंद होणारी बाग तेव्हा रात्रीही उघडी राहते, वाटांवर कागदी दिवे लावतात, सुसुकीच्या तुऱ्यांबरोबर तांदळाच्या पिठाचे लाडू चंद्राला वाहतात, कोतो हे तंतुवाद्य वाजवतात. जुन्या चांद्र पंचांगातली आठव्या महिन्याची ही पंधरावी रात्र बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येते, म्हणजे गणपती गेले की लगेच. अधिक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे वेगळा पडला तर महिनाभर पुढे सरकते. २०२५ साली ती ६ ऑक्टोबरला, नेमकी कोजागिरीला आली होती. आईवडिलांना हे सांगितलंत तर त्यांना तिथं परकं वाटणार नाही. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी बघून घ्या.

सप्टेंबरची खोट एकच, वादळं. टायफूनच्या दिवशी बाग विसरायची; म्हणून हाताशी एक मोकळा दिवस ठेवा. डासही भरपूर. बाबांना हाफ पँट घालू देऊ नका.

सप्टेंबर जमत नसेल तर फेब्रुवारी. बागेची सुरुवातच उमेपासून झाली आणि उमे सगळ्यांच्या आधी, थंडीत, पानं नसलेल्या फांदीवर फुलतो. चेरीला बहुधा वासच नसतो. उमेला असतो आणि तो गार हवेत लांबवर येतो. गर्दी म्हणाल तर कॅमेरा घेतलेले आजोबा. पण आईंना थंडी सोसत नसेल तर हट्ट करू नका.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गोष्ट निराळीच. तेव्हा वसंताच्या सात भाज्या छोट्या टोपलीत लावून मांडतात, मुळा आणि सलगमसकट, आणि ७ तारखेला त्यांची तांदळाची पेज घरोघरी होते. आमच्या घरी तिला ऋषिपंचमीची भाजी म्हणूनच ओळखतात. त्याच दिवसांत सुमिदा नदीकाठच्या सात भाग्यदेवतांची फेरी लोक पायी करतात. एक देव, फुकुरोकुजू, याच बागेत आहे, आणि फेरीतली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती.

जुलैअखेर आसागाओची, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीची, मोठमोठी फुलं मांडतात. ही आपल्याकडच्या काळादाण्याचीच जात, चीनमधून औषध म्हणून आलेली. एदोच्या लोकांनी तिच्यातली चित्रविचित्र रूपं निवडून वाढवायचं वेड घेतलं. फूल सकाळचं, दुपारी मिटतं. ऑगस्टच्या शेवटी रातकिड्यांचा आवाज ऐकायला लोक जमतात, ते मला मनापासून आवडतं, पण त्या उकाड्यात वयस्कर माणसांना न्यायचा सल्ला मी देणार नाही. एप्रिल-मे ठीक आहे, विस्टेरिया या लोंबत्या घोसांच्या वेलीचा मांडव वगैरे, पण त्याहून मोठे मांडव टोकियोत इतरत्र आहेत.

जायचं कसं: आसाकुसाहून तोबू स्कायट्री लाइनची लोकल, हिगाशी-मुकोजिमा स्टेशन, तिथून आठेक मिनिटं चालत. तिकीट १५० येन, ६५ च्या वरच्यांना ७०. वयासाठी पासपोर्ट जवळ असू द्या. वाटा सपाट आहेत, गुडघ्यांना त्रास नाही, मात्र पावसानंतर चिखल होतो. आत एक चहाघर आहे, संस्थापकाच्या घराण्यातलीच मंडळी ते चालवतात. बाग सकाळी ९ ला उघडते, दुपारी ४.३० नंतर आत सोडत नाहीत, आणि २९ डिसेंबर ते १ जानेवारी बंद.