ग्रामीण भागातल्या मुलीसमोर कोणत्या महिला खेळाडूंचा आदर्श ठेवावा?

तुम्ही लिहिलंय, मुलगी 13 वर्षांची आहे, खेळात चांगली आहे, गाव विदर्भात आहे, तर घरात कोणाचे फोटो लावू? नावं खाली देते. आधी फोटोचं काय होतं ते ऐका.

नव्वदीच्या दशकात आमच्या शाळेत खेळाडू बाईचा एकच फोटो होता, पेपरातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पी. टी. उषा. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळ्यांत तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, हे पीटीच्या सरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हाला ते पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि गावात? पोरगी जरा धावली की पारावरून आवाज यायचा, "आली पी. टी. उषा!" त्यात कौतुक नसायचं. म्हणून नुसत्या फोटोवर माझा विश्वास नाही.

मी 800 मीटर पळायची. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली, पुढे विभागीय स्पर्धा अमरावतीला. या स्पर्धा नेमक्या दिवाळीच्या आसपास, आणि कापूस फुटतो तोही तेव्हाच. सगळ्यांची पऱ्हाटी एकदम फुटते, त्यामुळे मजूर मिळत नाही. वेचायचं सकाळी, दव असताना, म्हणजे वाळलेली पत्ती कापसाला चिकटत नाही. सरावाची वेळही तीच. त्यात त्या आठवड्यात आभाळ भरून आलेलं. भिजलेल्या कापसाला व्यापारी काय भाव देतो ते तुम्हाला सांगायला नको. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, ओट्यावर बसूनच म्हणाले, "तुहा मास्तर येऊन वेचून देईन का कापूस?" माय काही बोलली नाही. सर घरी येऊन, चहा पिऊन परत गेले. मी वावरात गेली.

त्याच हंगामात माझा चुलत भाऊ शेजारच्या गावी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला मुक्कामी जात होता. त्याचा दिवस बुडत नव्हता, कारण वेचणी बायांचं काम. पोरीचा खेळ मात्र घरात किलोवर मोजला जातो. तिनं एक दिवस मैदानावर घातला की किती किलो कापूस झाडावर राहिला, याचा हिशेब संध्याकाळपर्यंत तयार असतो.

हा दादा मला वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवत आलाय: "तुह्यात दम असता तर तू कशीबी गेली असती. कविता राऊत नाही गेली?" बघा, आदर्श कसा वापरतात! नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची पोरगी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुलात 10,000 मीटरचं कांस्य आणते, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि आमच्या घरात तिचा उपयोग काय, तर मला गप्प करायला. तिला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, घरच्यांनी तिला नाशिकला राहू दिलं, हे दादा कधी सांगत नाही. दम माझ्यातही होता. अमरावतीच्या एसटीचं तिकीट नव्हतं.

आता गंमत ऐका. दादाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. महिलांच्या मैदानी चाचणीत काय असतं? 100 मीटर, गोळाफेक आणि 800 मीटर! पहाटे पोरी डांबरी रस्त्यावर पळतात आणि मागून दादा मोटरसायकलचा लाइट धरून. वेचणीला यंदा मजूर बाहेरगावाहून आणले, भाव वाढवून देऊन. म्हणजे आणता येत होते.

तर नावं. ललिता बाबर: साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) अंतिम फेरी. दीप्ती जीवनजी: आपल्या चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातली, मजुराची मुलगी, गावानं वेडी म्हणून हिणवलेली, 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 400 मीटरचं कांस्य. मनीषा धुर्वे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेची विद्यार्थिनी, 2018 ला एव्हरेस्टवर. नागपूरची दिव्या देशमुख 2025 ला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली तेव्हा आम्ही पेढे वाटले, पण तिचे आईवडील दोघं डॉक्टर आहेत, घर शहरात आहे. आपल्या पोरीला तिची तुलना ऐकवू नका.

आणि ही नावं मुलीला सांगण्याआधी तिच्या आजोबांना सांगा, काकांना सांगा. त्यांना पदकाचं कौतुक नसेल तर सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण सांगा, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण सांगा. घरातल्या पुरुषाला ही भाषा लवकर समजते.

हो, एक राहिलं. शाळेतल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही, पदाच्या गटाप्रमाणे कोणत्या पातळीवरचं यश हवं ते ठरलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. मागे बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली तेव्हापासून जास्तच तपासतात. आणि सगळेच मोठे बाबा माझ्या मोठ्या बाबांसारखे नसतात, हेही खरं. तुमच्याकडे शेती नसेल तर वरचं निम्मं सोडून द्या.

मुलगी नेमकं काय खेळते ते तुम्ही लिहिलंच नाही. 800 मीटर पळत असेल तर कळवा, सराव कसा करायचा ते सांगते.