म्युनिकला घर कसं चालतं, ते विचारलंत म्हणून

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला म्युनिकला नोकरी मिळाली आहे आणि जुलैअखेर नाशिकहून निघायचंय. मुलगी ऑगस्टमध्ये चार पूर्ण करेल, धाकटा चौदा महिन्यांचा आहे. व्हिसा आणि ब्लू कार्डाबद्दल सगळं वाचून झालंय, पण तिथं रोजचं घर कसं चालतं आणि मुलांचं काय होतं, हे कुणी नीट सांगत नाही. हा प्रश्न मी तीनदा वाचला. निघण्याआधी आम्ही तो कुणालाच विचारला नव्हता, म्हणून उत्तर जरा लांबेल.

सरकारी संकेतस्थळांवर असलेलं सांगत बसत नाही. तिथं नसलेली गोष्ट म्हणजे आपली नावं. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात ‘ओवी संदीप’ आणि आडनावात ‘पाटील’ असेल, तर जर्मनीत ‘संदीप’ हे वडिलांचं नाव न राहता मुलीचं दुसरं नाव होतं. विमा कार्ड, ‘किटा’चा (पाळणाघर-बालवाडीचा) करार, डॉक्टरांकडची नोंद, सगळीकडे ती ‘ओवी संदीप’. यात चूक कुणाची नाही, त्यांच्याकडे वडिलांच्या नावाचा रकानाच नाही. अर्जात ‘रूफनामे’, म्हणजे हाक मारायचं नाव, असा रकाना दिसला तर तिथं फक्त ‘ओवी’ लिहा. खरा त्रास होतो स्पेलिंगचा. जन्मदाखल्यावर आईचं नाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या, विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, असं असेल तर प्रत्येक कार्यालय नव्यानं तोच प्रश्न विचारतं आणि प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे जातात. नगरपालिकेत जाऊन जन्मदाखले आत्ताच तपासा. प्रसूतीनंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, ती जागा भरून घ्या आणि प्रत्येकाच्या तीन-तीन मूळ प्रती आणा. जर्मन भाषांतर भारतात करून आणू नका. बरीच कार्यालयं जर्मनीतल्या न्यायालयाकडे शपथबद्ध झालेल्या अनुवादकाचंच मागतात, म्हणजे तो खर्च दोनदा होतो.

घर मिळालं की त्याच दिवशी टपालपेटीवर आडनाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. करक्रमांक पत्रानंच येतो आणि बालभत्त्याचा अर्ज त्या क्रमांकावाचून अडतो. अर्ज रेंगाळला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. एका कागदी पट्टीपायी हे सगळं लांबलेलं मी पाहिलंय.

लसीकरणाचं कार्ड तुमच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, छापील, लसीचं नाव आणि तारखेसकट करून घ्या. हातानं लिहिलेल्या नोंदी इथल्या डॉक्टरांना वाचता येत नाहीत. मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय किटात प्रवेश नाही: एक वर्ष झालेल्या मुलाला किमान एक मात्रा, दोन वर्षं झाल्यावर दोन. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला देतात, गालगुंडाची लस त्यात नसते, त्यामुळे इथले डॉक्टर ती वेगळी सुचवतील. बालरोगतज्ज्ञ आजारपणाची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात शोधा, कारण बरेच जण नवे रुग्ण घेत नाहीत. 116117 या क्रमांकावर मदत मिळते. डॉक्टर तपासण्यांची एक पिवळी वही देतील. ती किटाच्या नोंदणीतही दाखवावी लागते, तेव्हा पासपोर्टइतकीच जपा.

आता घर. न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते, हे आधी डोक्यात पक्कं करा. बादली-तांब्यानं आंघोळ घातली तर पाणी फरशीच्या सांध्यांतून खालच्या मजल्यावर उतरतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्याकडे येतं. मुलांची आंघोळ टबात किंवा शॉवरच्या चौकटीतच. त्रयस्थ हानीचा विमा, ‘हाफ्टफ्लिश्ट’, पहिल्या महिन्यातच घ्या आणि सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसान त्यात धरलंय का, ते नीट वाचा. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीतच गोठतं, म्हणून मालिशसाठी तीळतेल किंवा बदामतेल बरं. मालिश केल्यावर टबात घसरण होते, खाली रबरी चटई टाका.

म्युनिकचं पाणी जड आहे. त्यामुळे तीन गोष्टी होतात. मुलांची त्वचा कोरडी पडते, किटलीत पांढरा थर बसतो, आणि डाळ शिजत नाही. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून हरभरे, राजमा, वाल कितीही शिट्ट्या दिल्या तरी करकरीत राहतात. रात्रभर भिजवताना वाटीभर कडधान्याला चिमूटभर खायचा सोडा घाला, सकाळी ते पाणी टाकून द्या. शिजवायचं पाणी गाळणीच्या जगमधून घ्या आणि चिंच-आमसूल-टोमॅटो डाळ पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नका. किटलीसाठी लिटरभर थंड पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिडची पूड घालून तासभर ठेवा. उकळू नका, उकळलं की कॅल्शियम सायट्रेटचा नवाच थर बसतो, तो जास्त चिवट असतो.

कुकर आणताय तर शेगडी कुठली आहे ते आधी विचारा. साध्या काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शनवर तो अजिबात तापत नाही, तिथं चुंबक चिकटेल अशा बुडाचाच लागतो. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, म्हणून एक शिट्टी बाकी असतानाच बंद करायची. मिक्सर बिनधास्त आणा, वीज 230 व्होल्टच आहे, फक्त प्लग बदलून घ्यावा लागतो. भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं, ओटा-सिंकसुद्धा नसतं. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत असेल तर तेच घ्या. फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावा आणि जाड कोट दुसऱ्या खोलीत टांगा. कोटात हिंग-मोहरीचा वास बसला की धुऊनही आठवडाभर जात नाही, आणि मूल वर्गात तोच कोट घालून जातं. दिवसातून तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. खिडकी दिवसभर थोडी तिरकी उघडी ठेवली तर भिंत गार पडते आणि कोपऱ्यात बुरशी धरते.

सामानात तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. धाकट्याच्या दुधाच्या पावडरीला माणशी दोन किलोपर्यंत सूट आहे, डबा कंपनीचा आणि सीलबंद हवा. आंबे, कढीपत्ता, ताज्या मिरच्याही नाहीत. ताज्या फळांत अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच बिनदाखल्याची. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला भरपूर आणा. मात्र दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलणार असाल तर खसखस सामानात नको, आणि मसाल्यात घातलेली असेल तर तोही नको. तिथं खसखस अमली पदार्थांत धरतात.

तूप इथं उत्तम होतं. ‘झाउअररामबुटर’ नावाचं, विरजण लावलेल्या सायीचं बिनमिठाचं लोणी घ्या. एक किलो लोण्याचं साधारण 800 ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर पाऊण तास, बेरी बदामी झाली की लगेच उतरवा, शेगडीची धग मागून चढते. दह्यासाठी विरजण घेताना पाकिटावर ‘योगुर्ट मिल्ड’ नसून नुसतं ‘योगुर्ट’ लिहिलंय ना, ते बघा. ‘मिल्ड’मध्ये आपल्या आंबटपणाचा जिवाणू नसतो, दही लागतं पण कढीला चव येत नाही. लिटरभर साईचं दूध 42 अंशांपर्यंत कोमट करून एक चमचा विरजण लावा, आणि ओव्हनचा नुसता दिवा लावून आत आठ-दहा तास ठेवा. हिवाळ्यातही घट्ट लागतं. भारतीय दुकानातलं ज्वारीचं पीठ बहुधा जुनं असतं, भाकरी थापताना चिरते. उकळत्या पाण्यात उकड काढून, झाकून, दहा मिनिटांनी मळा.

किटाबद्दल. वर्षाच्या मुलापासून जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे, पण जागा कमी आहेत. म्युनिकची मुख्य नोंदणी वसंतात होऊन जाते आणि वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा उरलेल्या जागाच असतील. शहराच्या ‘किटा फाइंडर’वर नाव घालाच, शिवाय आसपासच्या प्रत्येक किटात स्वतः जाऊन भेटा. अधेमधे कुटुंबं घर बदलतात, तेव्हा दारात येऊन गेलेली माणसं त्यांच्या लक्षात असतात. धाकट्यासाठी घरी सांभाळणारी नोंदणीकृत ‘टागेसमुटर’ही चांगली.

जागा मिळाली की मूल लगेच सोडून येता येत नाही. ‘आइनगेवोनुंग’, म्हणजे हळूहळू रुळवण्याचा काळ, असतो: पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर त्याच खोलीत, मूल सोडायचं नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर, फार तर अर्धा तास. मग वेळ वाढवत दोन ते चार आठवडे, काही मुलांना सहाही. दोघांचं एकाच वेळी करू नका. आधी मुलीचं, ती स्थिरावली की धाकट्याचं. तोवर स्वतःच्या नोकरीची तारीख कुणाला देऊ नका. पहिल्या हिवाळ्यात मुलं सतत आजारी पडतात. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2024 पासून प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला 15 दिवस भत्त्यासह रजा मिळते. खाजगी विमा सुरुवातीला स्वस्त दिसतो, पण त्यात ही सोय नाही आणि मुलांचे हप्ते वेगळे, हे नवऱ्याला सही करण्यापूर्वी सांगा.

कपडे इथे आल्यावरच घ्या. मापं मुलाच्या उंचीची असतात, 98, 104, 110. चिखलातल्या खेळासाठी ‘मात्शहोजे’, म्हणजे पाणी न शिरणारी विजार, हवीच, पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतात. मोटारीत बसवताना जाड जाकीट काढा, त्यानं पट्टा सैल राहतो. शाकाहारी असाल तर किटाच्या करारात ‘जिलेटिन नको’ असं वेगळं लिहा, वाढदिवसाच्या गोळ्यांत ते असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमची मुलगी किटात पहिले काही महिने बोलणार नाही. तीन महिने, कधी सहा. घरी भरभर बोलणारं मूल तिथं गप्प बसतं, हे नव्या भाषेत होतंच, ती त्या वेळात ऐकत असते. पण कागदावर तेच ‘भाषा कच्ची’ म्हणून उतरतं. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, किटा ‘सिसमिक’ नावाच्या निरीक्षण-पुस्तिकेत परदेशी घरांतल्या मुलांची भाषा नोंदवतं आणि शाळेआधी दीड वर्ष भाषेची चाचणी असते. गरज दिसली तर 240 तासांचा ‘फोरकुर्स’, म्हणजे शाळेआधीचा जर्मनचा वर्ग, मिळतो. तो आनंदानं घ्या, त्यात शिक्षा नाही. मात्र सिसमिकमध्ये घरच्या भाषेचाही भाग आहे आणि तो भरायला तुमच्याशिवाय कुणी नाही. म्हणून पहिल्या भेटीला एक पानभर लिहून न्या: मराठीत ती किती शब्दांचं वाक्य बोलते, ‘का’ आणि ‘मग’ वापरून गोष्ट सांगते का, किती मोजते, कुठली गाणी म्हणते. मराठी पक्की असलेलं मूल जर्मन उचलतं.

कुणी सांगेल की घरी जर्मन बोला. नका बोलू. तुमची मोडकी जर्मन ऐकून ती जर्मन शिकणार नाही, मराठी मात्र सुटेल. आम्हाला हे सांगितलं गेलं आणि आम्ही ऐकलं. मोठ्याला आज मराठी कळतं, बोलता येत नाही. तो खोलीत शिरला की मी अजूनही मनात वाक्य जुळवते.

शाळेचं ठरवायला तुम्हाला दोन वर्षं आहेत, पण डोक्यात आत्ताच ठेवा. 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी मुलं पहिलीत जातात. जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांना मात्र एक वर्ष थांबायची मुभा असते, आणि तो निर्णय पालकांनी एप्रिलच्या सुमारास लेखी कळवायचा असतो. तुमची ऑगस्टची आहे. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतात, तो शब्द इथं मनातून काढा. चौथीतच, दहाव्या वर्षी, पुढची वाट ठरते: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस मिळते. इथं आकडा जितका लहान तितका चांगला. गणित उत्तम असलेली मुलं जर्मनच्या लेखी परीक्षेत अडतात. भाषा रुजायला मिळालेलं ते जादा वर्ष तिथं कामी येतं. आम्ही थांबलो नाही.

एकटेपणाचं विचारलंत. तो असतो. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तोवर दोन्ही मुलांना घेऊन रोज बाहेर पडा, मग पाऊस असो. त्यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

आजीशी बोलायची वेळ मात्र ठरवून ठेवा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो, ते आजीला आधी कळवा, नाहीतर ती तासभर फोन हातात घेऊन बसते. मुलं किटातून येऊन जेवेपर्यंत नाशिकला झोपायची वेळ होते, म्हणून शनिवार-रविवारी सकाळी साडेआठ, तिकडे दुपारचे बारा किंवा एक. ‘काय करतेस’ असं विचारलं की मुलं पळून जातात. आजीला सांगा, काहीतरी करता करता बोल. शेंगा सोलत, वाती वळत. फोन ओट्यावर टेकवून ठेवायचा आणि इकडे मुलीच्या हातातही मूठभर शेंगा द्यायच्या.