दोन स्विचांचा दिवा बदलताना

पहिल्यांदाच हात घालताय ना? घाबरू नका. छतावरचा दिवा (नुसता बल्ब नव्हे, अख्खं फिटिंग) दोन स्विचांवर असो की तीन, खुद्द दिव्याला लागतात फेज (करंट आणणारी), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ (सुरक्षेची) एवढ्याच वायरी. बहुतेक गुंतागुंत स्विचबोर्डात असते आणि तिथे तुम्हाला जायचंच नाही.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्विचवर विसंबणं. टू-वे जोडणीत, म्हणजे एकच दिवा दोन जागांवरून चालू-बंद होतो तेव्हा, 'बंद' अशी ठराविक बाजू नसते. तुम्ही शिडीवर आणि खालून कुणी दुसरा स्विच दाबला, की वायरीत करंट. म्हणून एमसीबीच (मेन बोर्डातला त्या लाइनचा करंट तोडणारा स्विच) पाडा, घरातल्यांना सांगून ठेवा. मग टेस्टर आधी चालू प्लगमध्ये तपासा आणि नंतर छतातल्या प्रत्येक वायरीला लावा. एकेक स्विच खालीवर करून पुन्हा बघा. टेस्टर जरा जरी पेटला, तर थांबा.

मग:
- जुना दिवा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रंगांवर भरवसा नको, जुन्या वायरिंगमध्ये ते कसेही असतात.
- दिव्याला न लागलेल्या, आपापसांत जोडलेल्या वायरी दिसल्या तर त्या तशाच राहू द्या. त्या सुटल्या की एखादा स्विच निकामी होऊ शकतो, आणि बहुतेकांचा दिवस इथेच वाया जातो.
- दिवा धातूचा असेल तर अर्थ जोडाच.

शेवटी दोन्ही स्विच सगळ्या स्थितींत दाबून पाहा. तीन स्विचांची आतली जोडणी सध्या बाजूला ठेवा. वायरीचं आवरण ठिसूळ झालेलं दिसलं, तर मात्र इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.