पडकी घरं राखायला डिग्री कशाला?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. बरीच वर्षं ओहायोत, सिनसिनाटीजवळ मेसनला राहतो, आयटीत आहे. मुलगी अकरावीत, गणितात ए, फिजिक्समध्ये बी प्लस. कम्प्युटर सायन्स ठरलं होतं. आता म्हणते, ‘हिस्टॉरिक प्रिझर्वेशन’, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन, करायचंय. दर शनिवारी सिनसिनाटीतल्या ओव्हर-द-ऱ्हाइन या जुन्या भागात जुन्या विटांच्या सांध्यांतलं सिमेंट खरवडायला जाते. तो सगळा भाग १९८३पासूनच ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत आहे, तिथे कुणी काय पाडणार? मग काम तरी कसलं? मी सांगितलंय, कम्प्युटर घेतलंस तरच फी भरीन. तेव्हापासून ती जेवायलाही खाली येत नाही. तिला कसं समजवावं?

उत्तर : मार्क चांगले आहेत. एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, अर्ज, शिफारसपत्रं हे सगळं शाळेचा काउन्सेलर करून घेईल.

मला खटकलं ते ‘तरच फी भरीन’. आणि त्याआधीचं ‘ठरलं होतं’. कुणी ठरवलं? एवढ्या पत्रात तिला हे का करायचंय याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे तुम्ही विचारलेलंच नाही. त्या वयाची मुलगी शनिवारची झोप मोडून धुळीत हात घालते, आणि बापाला वाटतं तिला ‘समजवायला’ हवं! पैशाची काळजी मला कळते, इथल्या फीचे आकडे बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण मग काळजी काळजीसारखी बोला. चार वर्षांसाठी माझ्याकडे इतके डॉलर आहेत, वरचं कर्ज तुझ्या नावावर, असा आकडा तिच्यापुढे ठेवा. गणितात ए असलेली मुलगी हिशोब करील. धमकीचा हिशोब करता येत नाही, म्हणून ती जेवायला येत नाही.

ती खरवडते काय, तेही ऐका. एकोणिसाव्या शतकात जर्मन वस्तीनं बांधलेल्या त्या इमारतींच्या विटा मऊ आहेत. सांध्यांत मुळात चुना होता, पुढे डागडुजी करताना कुणीतरी सिमेंट भरलं. सिमेंट विटेपेक्षा कडक. भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडेना, ती विटेत शिरली. हिवाळ्यात तिचा बर्फ झाला की विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून खाली येतो. म्हणून विटेची कड न दुखावता ते सिमेंट काढायचं आणि पुन्हा चुना भरायचा. साताऱ्याकडचे सिमेंट थापलेले वाडे आठवून बघा. हे मटेरियल सायन्स आहे, तिच्या फिजिक्सच्या मार्कांकडे बघून घाबरू नका.

आता नोंदणीचा गैरसमज. राष्ट्रीय नोंदणीत नाव आलं म्हणजे इमारत सुरक्षित, असं अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मालक स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या जागेत नोंदणीतली इमारत पाडायला निघाला तर ती नोंदणी त्याला अडवू शकत नाही. म्हणूनच नोंदणी होऊन तेवीस वर्षं झाल्यावर, २००६ साली, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं हाच ओव्हर-द-ऱ्हाइन देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ठिकाणांत घातला. अडवतो तो शहराचा कायदा. सिनसिनाटीत त्यासाठी हिस्टॉरिक कन्झर्वेशन बोर्ड आहे. शिवाय १९६६च्या केंद्रीय कायद्याचं कलम १०६ आहे. पूल, हायवे, कशालाही केंद्राचा पैसा किंवा परवाना लागला, की जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासावं लागतं. आणि भाड्याचं उत्पन्न देणारी जुनी इमारत निकषांप्रमाणे दुरुस्त केली, तर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. ओहायो राज्याची वेगळी. निकष सांभाळले नाहीत तर सवलत हातची जाते, त्यामुळे बिल्डरच असली माणसं पगार देऊन ठेवतो. मोजमापं, फोटो, अहवाल, बोर्डापुढे बाजू मांडणं : हेच काम, आणि ते भरपूर आहे.

पगार कोडिंगएवढा नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. निव्वळ प्रिझर्वेशनची बॅचलर्स मात्र मी तिला घेऊ देणार नाही. आधी आर्किटेक्चर किंवा सिव्हिल, मग मास्टर्समध्ये हा विषय. त्यात पोट भरण्याची सोय राहते आणि मत बदललं तरी दार बंद होत नाही. घराजवळचं सिनसिनाटी विद्यापीठ बघा. को-ऑप पद्धत १९०६ साली तिथेच सुरू झाली : काही सत्रं वर्गात, काही सत्रं पगारी नोकरीत. फीची चिंताही थोडी हलकी होईल.

मुलीला माझा एकच प्रश्न. शेजारच्या वेस्ट एंडमधली केन्यन-बार वस्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून नवा हायवे आणि कारखान्यांच्या जागेसाठी साफ केली गेली. पंचवीस हजारांहून जास्त माणसं उठवली, बहुतेक कृष्णवर्णीय. ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये उलट झालं : घरं राहिली, भाडी चढली, आणि जुने भाडेकरू परवडेना म्हणून निघून गेले. तुला इमारत वाचवायची आहे की वस्ती? नुसत्या कॉर्निसवरची, म्हणजे छताखालच्या कडेवरची, नक्षी आवडते म्हणून या क्षेत्रात यायचं असेल, तर वडिलांचं ऐकून कम्प्युटर घेतलेलं बरं.

याचं उत्तर तिनं द्यायचं आहे, तुम्ही नाही. येत्या शनिवारी तिला तिथे सोडून परत फिरू नका, दोन तास थांबा आणि तिच्या सुपरवायझरला विचारा, तो पोट कशावर भरतो. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.